बुळबुळीतली साखर

होकदो बेटावरच्या बायका मियॉकला पाणी पाजतात. समुद्रात उगवणाऱ्या पाल्याला पाणी कसलं पाजायचं, असं म्हणून जिंदोच्या बाजारातले लोक हसतात. हसणाऱ्यांनी वसंतात एकदा भर ओहोटीला त्या खडकांवर उभं राहून बघावं. पाणी उतरलं की खडकाला चिकटलेली ती लांब तपकिरी पानं उघडी पडतात, आणि ऊन कडक असलं तर बघता बघता करपतात. वर्षाचं पीक हातचं जातं. म्हणून पाणी परत चढेपर्यंत बायका खडकाच्या कडेला वाकून भांड्याने समुद्र उपसतात आणि पानांवर फेकत राहतात. पाय घसरला तर खाली थेट खोल पाणी आहे, आणि तिथे पडलेली बाई सहसा वर येत नाही.

यांग ओकशिम लग्न होऊन या बेटावर आली तेव्हापासून हे काम करत होती. ही हकिगत घडली तेव्हा तिची सत्तरी उलटली होती, कंबर वाकली होती आणि नवऱ्याला जाऊनही बराच काळ लोटला होता. बाई अंगाने काटकुळी, पण आवाज असा की लाटांच्या गलक्यातही पलीकडच्या खडकावर ऐकू जावा. तिला एक वाईट खोड होती. कोणी काही सांगू लागलं की अर्धं ऐकून ती उठायची. उरलेलं अर्धं तिला न ऐकताच कळलेलं असायचं. नवरा जिवंत असताना म्हणायचा, "तुझ्याशी बोलायचं तर शेवटापासून सुरुवात करायला हवी."

तिला एकच लेक, बोराम. लहानपणी बोरामचा घसा धरला, ताप चढला, सांधे सुजले, आणि तो ताप जाताना पोरीच्या हृदयाची एक झडप खराब करून गेला. पुढे पंचविशीत ती झडप काढून धातूची बसवावी लागली. शांत खोलीत बोरामच्या शेजारी बसलं की घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू येते. धातूवर रक्त गोठायला बघतं, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी तिच्या मागे लागली ती कायमची. ओकशिम मोक्पोला लेकीकडे गेली की रेडिओ लावून ठेवायची. आवाजाची हौस म्हणून नव्हे. ती टिकटिक तिला ऐकवत नसे.

बोराम उशिरा लग्न करून मोक्पोत संसाराला लागली. नवरा ऊजिन जहाजाच्या कारखान्यात लोखंड जोडायचा, हसतमुख गडी. त्या वर्षी थंडी सरता सरता बोरामला दिवस गेले. डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, होईल, पण सांभाळून. गोळी बाळाला चांगली नाही, म्हणून ती बंद झाली आणि तिच्या जागी सकाळ-संध्याकाळ पोटात टोचायची इंजेक्शनं आली. ती ऊजिन द्यायचा. रक्त घट्ट झालं तर झडप अडकणार, फार पातळ झालं तर बाळंतपणात थांबायचं नाव घेणार नाही. पोरीला दोरीवरून चालायचं होतं, आणि ओकशिमने खाली उभं राहून नुसतं बघायचं होतं.

"मी काय करू ते सांग," ओकशिम फोनवर म्हणायची.

"काही नको करूस, आई. तू फक्त काळजी करू नकोस."

होकदोच्या बाईला याहून वाईट काही सांगता येत नाही. त्या भागात बाळंतिणीचं कढण म्हणजे मियॉकचं कढण, आणि मियॉक आणायचा तो आईने. सगळ्यांत लांब, सगळ्यांत रुंद, जिथे लाट सरळ आदळते त्या खडकावरचा. तो वाळवून सबंध ठेवतात. बाळंतिणीसाठी नेलेला मियॉक कोणी वाकवत नाही, तोडत नाही; वाकवला तर बाळंतपण अडतं म्हणतात. विकत घेणाराही त्यात घासाघीस करत नाही. मग दिवसातून तीनदा, चारदा, बाळंतिणीला वाडगेच्या वाडगे पाजायचे. ओकशिमने सगळ्या बेटाच्या लेकीसुनांसाठी मियॉक कापला होता, आणि आता स्वतःच्या लेकीची पाळी आली तर लेक म्हणत होती:

"कढणाचं नंतर बघू हं. गोळी परत सुरू झाली की पाला जपून खावा लागतो. जास्त झाला की गोळीचा जोर कमी होतो."

ओकशिमने त्यातलं "नंतर बघू" तेवढं ऐकलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला विद्यापीठातून प्यॉन नावाची एक तरुण मुलगी बोटीने आली. तिला मियॉकचे कान विकत हवे होते. देठाच्या बुडाशी जो सुरकुतलेला, जाड भाग असतो त्याला कान म्हणतात, आणि बुळबुळ सगळी त्यात भरलेली असते. गावाच्या सभागृहात बायका जमिनीवर बसल्या, प्यॉनने सगळ्यांना डाळिंबाच्या रसाच्या बाटल्या वाटल्या आणि ती बोलायला उभी राहिली.

"ही जी बुळबुळ आहे ना, मावशी, ती साखर आहे."

ओकशिमची शेजारीण क्वानमेवाली (ती क्वानमे बेटावरून लग्न होऊन आलेली, म्हणून तिला सगळे तेच म्हणत) पुढे वाकली. तिने कानावर बोट फिरवलं आणि चाटून बघितलं. "गोड कुठेय?"

बायका खिदळल्या. प्यॉनही हसली. "जिभेला गोड लागणारी नव्हे. साखरेचे कण एकाला एक जोडून लांबच लांब माळ झालेली असते, आणि माळेला मध्ये मध्ये गंधक लोंबतं. समुद्रकाकडीच्या अंगातही अशीच एक असते. रक्त गोठायला लागलं की ही माळ मध्ये येते आणि गोठू देत नाही."

मग तिने फोनवर एक चित्रफीत दाखवली. दोन काचेच्या नळ्या. दोन्हींत रक्त. एकीतलं थिजून गोळा झालं होतं, नळी उलटी केली तरी पडत नव्हतं. दुसरीत बुळबुळीची साखर टाकली होती, आणि त्यातलं रक्त वाहतं होतं, पाण्यासारखं इकडून तिकडे हलत होतं.

ओकशिमने डाळिंबाच्या रसाची बाटली खाली ठेवली.

तेवढ्यात कोणाचं तरी लक्ष खिडकीबाहेर गेलं. खडकांच्या काळ्या पाठी वर येऊ लागल्या होत्या. शहरातून येणारी माणसं वेळ ठरवताना भरती-ओहोटी बघत नाहीत, हे नेहमीचंच. बायका भराभर उठल्या, भांडी उचलली आणि निघाल्या. सगळ्यांच्या पुढे ओकशिम. प्यॉन म्हणत राहिली, "मावशी, अजून महत्त्वाचं राहिलंय," पण ऐकायला उरली एकटी क्वानमेवाली. तिच्या गुडघ्यांनी खडकांची रजा केव्हाच घेतली होती, आणि तिच्या बाटलीत अजून रस होता.

त्या दिवशी पाणी फेकता फेकता ओकशिमचं डोकं थाऱ्यावर नव्हतं. मियॉक शिजवायच्या आधी भिजवून, चोळून, फेस जाईपर्यंत धुवायचा, ही पहिली शिकवण तिला सासूने दिली होती. म्हणजे तिने उभ्या आयुष्यात ती बुळबुळ चोळून चोळून मोरीत सोडली होती. जी वस्तू लेकीच्या रक्ताला हवी, तीच. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याच्या मागोमाग इतका आनंद झाला की तिला रडू फुटलं. हाताने करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं. शेजारच्या खडकावरून कोणीतरी ओरडून विचारलं, काय झालं, तर म्हणाली, डोळ्यात खारं पाणी गेलं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या चुलीवरची लोखंडी कढई उतरली नाही. लांबच्या खडकावरचे कान कापून आणायचे, बारीक चिरायचे, मंद आचेवर शिजवायचे, फडक्यातून पिळायचे, आणि ते पाणी पुन्हा कढईत घालून आटवत बसायचं. शेवटी तळाला काळपट पाक उरायचा, चमच्याला न सोडणारा. तो ती आलुबुखाराच्या सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरायची, सुक्या मासळीच्या खोक्यात लपवून बोटीवर चढवायची. बेटावर कोणाला पत्ता लागू दिला नाही. पोटातल्या बाळाबद्दल फार बोलू नये, आणि क्वानमेवालीपुढे तर बिलकूल नाही. तिच्या कानात पडलेलं जेवणवेळेच्या आत जेटीवर पोचायचं.

संध्याकाळी फोन ठरलेला.

"घेतलंस?"

"घेतलं, आई."

"दोन चमचे?"

"दोन चमचे."

"कसं लागतं?"

"बरं वाटतं."

एकदा मागून ऊजिनचा आवाज आला, "आई, घरभर ओहोटीचा वास सुटलाय!" आणि त्याला कोणीतरी चापट मारल्यासारखं ऐकू आलं. ओकशिम हसली. त्या उन्हाळ्यात ती सारखी हसायची. खडकावर पाणी फेकायची ते लेकीला घास भरवल्यासारखं. रक्त तपासलं की बोराम सांगायची, ठीक आहे, आणि ओकशिम मनात म्हणायची, असणारच. इंजेक्शनांना तिने त्यातलं श्रेय फारसं दिलं नाही.

मियॉक कापून झाला, वाळून झाला, आणि पोरीची तारीख जवळ आली. पोट फाडून बाळ काढायचं ठरलं होतं, ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात. आदल्या दिवशी सकाळी ओकशिम नव्या पांढऱ्या वहाणा घालून जेटीवर आली. तिच्या खांद्याला टेकून तिच्याहून उंच मियॉकचा जुडगा उभा होता, गवताच्या दोरीने बांधलेला, कुठेही न वाकलेला. क्वानमेवाली काठी टेकत निरोपाला आली.

"घाबरू नकोस गं," क्वानमेवाली म्हणाली. "डॉक्टर हुशार आहेत म्हणतेस ना?"

"डॉक्टर आहेतच. पण मीही काही हात बांधून बसले नव्हते." आता बाळंतपण एका दिवसावर आलं होतं, आणि ओकशिमला राहवलं नाही. तिने कान चिरण्यापासून बाटल्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

क्वानमेवालीचं तोंड उघडं राहिलं. "ओकशिम, अगं बये. ती पोरगी काय म्हणाली होती?"

"रक्त गोठत नाही म्हणाली."

"आणि पुढे?"

"पुढे काय? ओहोटी लागली होती."

"पुढे म्हणाली, हे सगळं काचेच्या नळीतलं आहे. माणसाला किती द्यायचं ते कोणाला माहीत नाही. आणि ज्यांना रक्त पातळ करायचं औषध चालू आहे त्यांनी वरून हे घेऊ नये. ऑपरेशन असलं तर मुळीच नाही. दोन्ही मिळून रक्त थांबलंच नाही तर, म्हणाली." क्वानमेवालीने तिचा दंड धरला. "माझ्याशी एक शब्द बोलली असतीस तर?"

बोटीने भोंगा दिला. ओकशिम चढली कशी, बसली कशी, तिलाच कळलं नाही. बेट मागे सरलं तेव्हा तिने फोन लावला. ऊजिनने उचलला. "तिला तपासायला आत नेलंय, आई. सगळं झकास आहे. उद्या सकाळी पहिलाच नंबर. तुम्ही सावकाश या."

ओकशिमने फोन कानाशी घट्ट दाबला. "जावईबापू," एवढंच म्हणाली आणि थांबली. असली गोष्ट फोनवरून सांगायची कशी? तिने फोन बंद केला आणि जुडगा दोन्ही हातांनी छातीशी धरला. आपण आपल्या हाताने पोरीला मारलं, असं ती स्वतःला सांगत होती, आणि या वेळी तिने वाक्य अर्धं सोडलं नाही.

जिंदोहून सुटणाऱ्या बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "आजी, ते जरा वाकवून वर टाका."

"वाकवून?" ओकशिमच्या आवाजाने पुढच्या बाकावरचा म्हातारा जागा झाला. "तुझ्या आईने तुला वाकवलेल्या मियॉकवर जन्माला घातला होता का रे?"

ड्रायव्हर वरमला. त्याने स्वतः उतरून पुढचं आडवं बाक मोकळं करून दिलं, आणि वळणावर गाडी हळू घेत राहिला. जुडगा सरळ राहिला. त्याच्या शेजारी ओकशिम मात्र कमरेत मोडल्यासारखी बसली होती आणि गळ्याभोवतीच्या फडक्याने तोंड दाबून रडत होती. म्हाताऱ्याने तिच्या हातावर एक संत्रं ठेवलं.

इस्पितळात ती लेकीच्या खोलीत गेली नाही. आधी तिने बोरामच्या डॉक्टर मिनना शोधून काढलं. डॉक्टर मिन उंच, मध्यमवयीन, हातात गार झालेला चहा घेऊन जिन्यापाशी उभ्या होत्या. ओकशिम त्यांच्यासमोर वाकली ती वर येईना.

"उद्या माझ्या लेकीला फाडू नका. मी तिला उन्हाळाभर विष पाजलंय."

डॉक्टरांनी तिला धरून बाकावर बसवलं. "आई, मला पहिल्यापासून सांगा."

ओकशिमने सांगितलं. कान, कढई, पाक, दोन चमचे. प्यॉन बोलत असताना मध्येच उठून गेल्याचंही सांगितलं. "माझ्यावर काय ती शिक्षा होऊ दे. पण तिचं रक्त घट्ट करायचं औषध असेल तर आधी ते द्या."

"आलुबुखाराच्या सरबताची बाटली ना? हिरव्या झाकणाची?"

ओकशिमने वर पाहिलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"पहिली बाटली आली त्याच आठवड्यात बोरामने ती आणून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, 'माझ्या आईने आटवलंय, घेऊ का?' मी म्हटलं, पोटात घेऊ नकोस. तिने घेतलं नाही. एक थेंबही नाही. काल तिचं रक्त तपासलंय, जसं हवं तसं आहे."

"पण ती मला रोज सांगायची, घेतलं म्हणून."

"ते तुम्ही तिलाच विचारा."

लेक आपल्याशी खोटं बोलली हे कळून एखादी आई इतकी सुखावली असेल का, कोण जाणे. ओकशिमच्या जिवात जीव आला. "कार्टी खोटं बोलली," ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, "बघा हो, कशी खोटं बोलली," आणि मग हसता हसता तिला उचकी लागली. डॉक्टरांनी आपला गार चहा तिला पाजला.

"एक सांगू?" डॉक्टर म्हणाल्या. "ती इंजेक्शनं आहेत ना, तीही साखरच आहे. डुकराच्या आतड्यातून काढतात. तुमच्या बुळबुळीची लांबची बहीण म्हणा. फक्त तिचं माप आम्हाला कळलंय. किती दिली की रक्त किती पातळ होतं, आणि किती वेळाने परत जागेवर येतं. तुमच्या पाकाचं माप अजून कोणाकडेच नाही. पोटातून रक्तात किती पोचतं, पोचतं की नाही, तेही धड माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण कदाचितवर भरवसा ठेवून मी तिला टेबलावर घेणार नाही."

ओकशिमने थोडा विचार केला. "म्हणजे डुकराचं चालतं आणि माझं नाही."

"आज तरी असंच आहे, आई."

खोलीत बोराम उशीला टेकून बसली होती, पाय सुजलेले, चेहरा गोल झालेला. ऊजिन संत्री सोलत होता. ओकशिमने जुडगा भिंतीला उभा केला आणि कमरेवर हात ठेवले.

"तू म्हणायचीस, घेतलं."

बोरामने नवऱ्याकडे पाहिलं. ऊजिनने एकदम संत्र्यात फार लक्ष घातलं.

"घेतच होते, आई," बोराम म्हणाली. "पोटात नाही, पोटावर." आणि तिने सदरा वर केला.

ओकशिमने ते पोट पहिल्यांदाच पाहिलं. ताणलेल्या कातडीवर बेंबीच्या दोन्ही बाजूंना निळे, जांभळे, पिवळे डाग, जुन्यावर नवे चढलेले. किती महिने सकाळ-संध्याकाळ सुई टोचली गेली होती, ते त्या कातडीवर दिसत होतं. आणि सगळ्यावर एक बारीक चकाकी होती, आणि वास होता तो होकदोच्या खडकांचा, पाणी उतरल्यावर येतो तोच.

"डाग ठणकायचे," बोराम म्हणाली. "तुझा पाक लावला की गार वाटायचं. झोप लागायची. डॉक्टरांना विचारून लावलं हं, सुईची जागा सोडून. त्या म्हणाल्या, निळ्या डागांवर अशाच कुठल्या साखरेचं मलम औषधाच्या दुकानात मिळतं."

"मग माझं फुकटातलं काय वाईट?"

"फुकटात कसलं, आई," ऊजिन म्हणाला. "उन्हाळाभर मी खडकाशेजारी झोपतोय."

ओकशिम हसली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. "हे डाग मला दाखवले का नाहीस?"

"पाकाचं सांगताना तू इतकी खूश असायचीस. बाबा गेल्यापासून तुझा तसा आवाज मी ऐकला नव्हता. मी काय सांगायला हवं होतं? की नको पाठवूस?"

ओकशिमने तळहात लेकीच्या पोटावर ठेवला. रापलेला, मिठाने चिरा पडलेला हात, अगदी हलका. खोलीत रेडिओ नव्हता. टिकटिक ऐकू येत होती, आणि या वेळी ती ऐकत बसली.

"त्या तापात मी तुला घेऊन निघायला हवं होतं," ती म्हणाली.

"समुद्र खवळला होता. बोट कुठे होती?"

"तरीसुद्धा."

"तरीसुद्धा काय, आई," बोरामने तिच्या हातावर आपला हात ठेवला. "मी इथे आहे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. रक्त गेलं, डॉक्टरांना वाटलं होतं त्याहून जास्तच गेलं, आणि दार बराच वेळ उघडलं नाही. बाहेर ओकशिम आणि ऊजिन एकमेकांचा हात धरून बसले होते, सासू-जावयांनी तसं बसायची रीत नाही हे दोघेही विसरले होते. मग रक्त थांबलं. डॉक्टर मिन बाहेर आल्या आणि ओकशिमकडे बघून नुसती मान डोलावली.

थोड्या दिवसांनी सगळे मोक्पोच्या घरी आले. गोळी परत सुरू झाली होती. कढणाचं काय, हे ओकशिमने या वेळी स्वतः विचारलं होतं, आणि डॉक्टर बोलत असताना खुर्ची धरून शेवटच्या शब्दापर्यंत उभी राहिली होती. कढण चालेल, डॉक्टर म्हणाल्या. पण रोज एकच लहान वाटी. रोज तेवढीच, कमी नाही, जास्त नाही. तेवढ्या पाल्याला धरून आम्ही गोळीचं माप बसवू. एक दिवस जास्त गेलं तर गोळी कमी पडेल, आणि झडपेवर गाठ धरायला तेवढं पुरतं.

तर ओकशिमने पहाटे उठून मियॉकचं पहिलं पान भिजवलं, चोळलं, फेस जाईपर्यंत धुतलं. तिळाच्या तेलावर परतलं, शिंपले घातले, आणि मोठं पातेलं भरून कढण उकळलं, कारण लहान पातेल्यात तिला करताच येत नव्हतं. पहिला वाडगा भातासोबत कोपऱ्यात ठेवून बाळाच्या देवीला हात जोडले. मग एक वाटी भरली, काठाच्या खाली, आणि लेकीच्या हातात दिली.

बाळ दूध पिऊन नुकतंच झोपलं होतं. बोरामने चार घोटांत वाटी संपवली. अंगावर पाजणाऱ्या बाईची भूक म्हणजे काय असते, ते ओकशिमला कोणी शिकवायला नको होतं. बोरामने वाटी पुढे केली.

"आणखी थोडं."

"भात घे. मासा घे. अंडं करून देऊ?"

"ते नको. हेच." बोरामने डोळे मिटून श्वास घेतला. "आई, तुझ्या हातचं कढण आहे. किती महिने मी याची वाट बघितली, तुला माहीत नाही. नुसतं पाणी दे वरचं."

पातेल्यातून वाफ येत होती. बेटावर बाळंतीण आणखी मागते आणि आई देत नाही, असं कोणी ऐकलं असतं तर त्या आईच्या दारात पाय ठेवला नसता. ओकशिमच्या हातात कढण वाढायचा डाव होता. ती तो घेऊन उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"आई."

"नाही म्हटलं ना."

नव्या बाळंतिणीला रडू यायला कारण लागत नाही. बोरामच्या गालांवरून पाणी ओघळलं. लहानपणी तापात ओघळायचं तसंच, आवाज न करता. "माझं पोट नाही गं भरलं."

"मला माहीत आहे," ओकशिम म्हणाली, आणि लेकीच्या हातातली वाटी तिने काढून घेतली.